रोजचा एक फोटो

ते यंत्र सुरू झालं की विश्वजीत हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघत राहायचा. आधी घरघर, मग करकर, मग मध्येच गप्प. कागद अजून आत जायचा असतो, पण शाई प्यायला सुरुवात झालेली असते. सकाळी एकदा चालू केलं की फोटो निघायच्या आधीच ते म्हणे आपलं तोंड धुऊन घेतं, तेही शाईनं. माणसं पाण्यानं तोंड धुतात आणि ह्या नवाबाला शाई लागते!

विश्वजीतच्या लेकीनं, साक्षीनं, साताऱ्याला कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी म्हणून हट्ट करून हा प्रिंटर घ्यायला लावला होता. प्रोजेक्ट झाला, नव्याचे नऊ दिवस सरले आणि यंत्र आष्ट्याच्या घरी धूळ खायला येऊन पडलं. नुसती धूळ खात बसलं असतं तरी चाललं असतं. पण आबांचं ते सुरू झालं आणि यंत्राला रोजचं काम लागलं.

आबा म्हणजे नाथाजी, विश्वजीतचे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे, मिशीला अजून पीळ असलेले. गेल्या वर्षा-दीड वर्षात त्यांच्या डोक्यातलं एकेक माणूस निघून जायला लागलं. आधी शेजारी गेले, मग पाव्हणे, मग नात. दिवाळीच्या सुमारास विश्वजीत गेला. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका.

"या, बसा सायेब," त्या दिवशी सकाळीसुद्धा पुढच्या सोप्यातल्या खुर्चीवरून आबा म्हणाले. "तुमी कारखान्याचं का?"

विश्वजीत कारखान्याचाच होता म्हणा. इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क. उसाच्या गाड्या भरलेल्या मापायच्या, रिकाम्या मापायच्या, मधला फरक तो ऊस. त्यानं मान हलवली.

"मग बसा की. आमचा विसू दाखवतो तुमास्नी."

आबांनी बंडीच्या खिशातून फोटो काढला. चारेक वर्षांचं पोरगं, लाकडी स्टुलावर बसवलेलं, केसांचा चप्प भांग, कपाळावर बाजूला तीट, कॅमेऱ्याकडं बघून ओठ काढलेले. फोटो काळा-पांढरा होता, आणि पोरगं होतं विश्वजीत.

"लय ग्वाड हाय," आबा म्हणाले. "म्या अजून धड बघितला न्हाई. रजाच मिळंना झालीया."

"मिळंल," विश्वजीत म्हणाला. दुसरं काय म्हणणार? स्वतःचाच फोटो स्वतःच्याच बापाच्या हातून पाव्हण्यासारखा बघायचा आणि वर ग्वाड हाय म्हणायचं. वैऱ्यावर अशी वेळ येऊ नये. त्याला फार काही नको होतं. शेत नको, पैसा नको. आबांनी एकदा त्याच्या तोंडाकडं बघून 'विसू' म्हणावं, एवढंच. तेवढ्यासाठी तो रोज शर्टाची बटणं लावता लावता समोर येऊन बसायचा आणि रोज सायेब होऊन उठायचा.

मूळ फोटो मदनशेठनं काढलेला. आष्ट्याच्या पेठेत त्यांचा स्टुडिओ होता, आता त्यांचा मुलगा भरतेश चालवतो. आबा तेव्हा बर्फात कुठंतरी ड्युटीवर. पोराचा फोटो धाडा म्हणून त्यांचं पत्र आलं, आणि विश्वजीतच्या आईनं, आता ती नाही, पोराला न्हाऊ-माखू घालून स्टुलावर बसवलं. तो फोटो आबांनी सगळ्या नोकरीभर खिशात बाळगला. घरी आल्यावर पाकिटात ठेवला. आणि हे दुखणं लागल्यावर एके सकाळी ते अंघोळीहून बाहेर आले ते हातात पांढरा लगदा घेऊन. खिशात राहिला असेल, भिजला, असं सगळ्यांनी धरलं.

तो दिवस घरातलं कुणी विसरणार नाही. "विसू कुठं गेला?" म्हणत आबांनी माळ्यापासून मागच्या परड्यापर्यंत घर पालथं घातलं. जेवले नाहीत. चपला न घालता रस्त्याला लागले. शेवटी अंकिताच्या, म्हणजे विश्वजीतच्या बायकोच्या, ध्यानात आलं की साक्षीनं गंमत म्हणून तो फोटो त्या यंत्रात घालून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवलाय. तिनं साक्षीला फोन लावला, लेकीनं तिकडून एकेक बटण सांगितलं, आणि घरघर करत विसू परत आला. आबांनी कागद छातीशी धरला. "आला," म्हणाले, आणि मग भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर परत लगदा. आता तर रंग ओघळून बोटं काळी-निळी झालेली. तिसऱ्या दिवशीही तेच. अंकितानं बंडी काढून ठेवायला सांगितलं, खिसे तपासले, पण आबा फौजी माणूस, न्हाणीचं पत्र्याचं दार आतून लावून घ्यायचे आणि कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. फोटो कसातरी आत जायचाच. मग तिनं नाद सोडला. आबा न्हाणीत गेले की ती यंत्र चालू करायची आणि ते बाहेर यायच्या आत नवा विसू तयार ठेवायची. रोजचा एक फोटो.

आणि रोजच्या एका फोटोचा हिशेब विश्वजीत मनात करायचा. सवयच ती, काट्यावरच्या माणसाची. रंगीत शाईची डबी हजाराच्या घरात. फोटो काळा-पांढरा, पण ह्या शहाण्याला तो छापायलासुद्धा तिन्ही रंग लागतात. एका डबीत म्हणायला पुष्कळ फोटो, पण रोज सकाळी तोंड धुण्यात जाते ती शाई वेगळी. त्यात चकचकीत कागद. झालं, एक फोटो तिसाच्या आतबाहेर पडतो. महिन्याला गॅसचा एक सिलिंडर.

"आवं, सिलिंडर तर सिलिंडर," अंकिता म्हणाली. "मामंजी गप बसून जेवत्यात का न्हाई?"

"जेवत्यात. पर सकाळी लगदा हातात घिऊन कसं रडत्यात ते बघतीस का? रोज पोरगं मारायचं आणि रोज नवं द्यायचं. ह्यो काय खेळ हाय?"

"मग काय करू? नगं दिऊ?"

विश्वजीत बूट घालायला वळला. खरं सांगायचं तर त्याला फक्त खर्च सलत नव्हता. त्या कागदावरच्या पोराचा त्याला हेवा वाटायला लागला होता. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या आणि हेवा कुणाचा, तर चार वर्षांच्या स्वतःचा! कुणाला सांगायची सोय नाही. मग तो शाईचं रडगाणं गायचा, ते सांगायला सोपं होतं.

रविवारी धोंडुबाई आली. आबांची धाकटी बहीण, विश्वजीतची आत्ती, पलीकडच्या गल्लीत राहणारी. तोंडानं फटकळ, पण भावासाठी डब्यात काहीबाही घेऊन यायची. आबांनी तिलाही फोटो दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला आणि हसायला लागली.

"ह्यो? लय द्वाड व्हता ह्यो. ठावं हाय का गं अंकिता, ह्यो ह्यवढा असताना दादा रजेवर आला. पोरगं बापाला वळखंना. कोण मिशावाला आलाय म्हणून चुलीमागं दडलं. दुसऱ्या दिशी दादाला हौस आली, म्हणला, आज पोराला म्याच अंघूळ घालणार. घंगाळ्यात पाणी काढलं, ह्येला धरून बसवला, तर ह्यो बापाच्या मनगटाला कडाडून चावला आणि तसाच नागडा पळाला की पांदीपत्तूर!"

अंकिता तोंडाला पदर लावून हसली. विश्वजीतही हसला.

"मग?" अंकितानं विचारलं.

"मग काय, रजा सपली. दादा गेला. परत आला तवा पोरगं हातानं अंघूळ कराय लागलं व्हतं." धोंडुबाईनं डबा उघडला. "लाडू खा गं."

आबा फोटोकडंच बघत होते. त्यांनी काही ऐकलं की नाही देव जाणे. मनगट मात्र चोळत होते.

सोमवारी सुट्टीची पाळी होती. विश्वजीत पेठेत भरतेशकडं गेला. दोघं शाळेपासूनचे सोबती. भरतेशनं काउंटरवरची धूळ झाडली आणि चहा सांगितला.

"निगेटिव्ह हाय का रं, तुझ्या बापानं काढलेली?" विश्वजीतनं विचारलं.

"गड्या, ती सगळी पेटी सांगलीच्या घरात व्हती. महापुरात गेली. पप्पा त्या पेटीसाठी जेवढं रडलं तेवढं घरासाठी न्हाईत."

विश्वजीतनं मोबाईलवर साक्षीनं धाडलेला फोटो दाखवला आणि सगळी कथा सांगितली. लगदा, शाई, सिलिंडर. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय बघ."

"आमच्या जैनाच्या दुकानात कोंबडी कशाला काढतोस रं बाबा," भरतेश म्हणाला. "पर बरोबर हाय तुझं. मशीन सस्त्यात देत्यात, मग जन्मभर शाई पाजत बसायची. आणि घरच्या त्या शाईला पाणी चालत न्हाई. ती कागदावर नुसती बसलेली असती, पाणी पडलं की उठून जाती. माझ्या कागदाला रंग आतनं येतो. वर प्लास्टिक चढवून देतो. ईहिरीत टाक म्हणावं आबांना, पोरगं जसंच्या तसं वर येतंय का न्हाई बघ."

आणि त्यानं खरंच झकास काम केलं. तीट ठळक झाली, भांगाची रेघ दिसायला लागली, चारी कडांना प्लास्टिकची पट्टी. पैसे घेताना कां-कू करत होता. विश्वजीतनं बळंच खिशात घातले. गाडीला किक मारताना त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. एकदाच खर्च, आणि आबांचं रोजचं रडणं बंद.

मंगळवारी सकाळी आबा न्हाणीत गेले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिले. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या, दुसरा, आणखी एक. अंकितानं दोनदा हाक मारली. शेवटी दार उघडलं. आबा कुडकुडत बाहेर आले आणि त्यांनी तो फोटो आणून विश्वजीतच्या हातात दिला. फोटो कोराकरकरीत, एक थेंब धरलेला नाही.

"ह्ये घ्या तुमचं, सायेब," आबा म्हणाले. "ह्यो आपला विसू न्हवं. ह्याच्या अंगाला पाणीच लागत न्हाई."

"आवं आबा, पाणी लागत न्हाई म्हंजे चांगलंच की!"

आबांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. एखादा माणूस वेडाबिडा तर नाही ना, असं बघतात तसं. मग ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. जेवायला वाढलं तर ताट सरकवलं.

अंकितानं प्रिंटर चालू केला. तो घरघरला, करकरला आणि लाल दिवा लावून बसला. रंगीत शाई संपली होती. दिवाळीच्या सुट्टीत आणलेली डबी अजून चालेल असं दोघांनीही धरलेलं. विश्वजीतच्या कपाळावर आठ्या आल्या. आष्ट्यात ती शाई मिळत नव्हती. कारखान्यात पाळीला जायचंच होतं, म्हणून जाता जाता इस्लामपुरात बघतो म्हणाला आणि गाडी काढली.

अकराच्या सुमाराला काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना अंकिताचा फोन आला. मामंजी घरात नाहीत.

रजेचा अर्ज नंतर देतो म्हणून तो निघाला. आष्ट्याच्या स्टँडवर आबा सापडले. फलाटावर ताठ उभे, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात साबणाची डबी. सांगलीच्या गाडीचा कंडक्टर त्यांना समजावत होता.

"ह्ये तुमचं काय?" कंडक्टरनं विचारलं. "मगाधरनं म्हणत्यात, पोरगं वाट बघतंय, गाव सांगा म्हटलं तर सांगंनात."

"माझं वडील हायती," विश्वजीत म्हणाला.

"तुमचं वडील? मग ते म्हणत्यात ते पोरगं?"

विश्वजीतनं आबांचा दंड धरला. आबा शहाण्यासारखे चालू लागले, पण साबणाची डबी काही केल्या सोडेनात. साबण कशाला घेतला असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि गाडीवर बसेपर्यंत गेलासुद्धा. भूक, ऊन, साहेबाची उद्याची बोलणी, इस्लामपुरात न मिळालेली शाई, सगळं डोक्यात भणभणत होतं.

घरी आल्यावर आबांनी परत सुरू केलं. "विसू कुठं हाय? माझं पोरगं कुठं ठिवलंय तुमी?"

आणि विश्वजीतचा तोल गेला.

"आबा, म्याच विसू! हितं बघा, हितं! म्याच तो! शेहेचाळीस वर्सं झाली मला! कुणाला हुडकत फिरताय गावभर?"

आबा खुर्चीतून उठले. त्यांची पाठ सरळ होती.

"सायेब," ते म्हणाले, "तुमी मोठी माणसं. पर माझ्या पोराचं नाव असं घिऊ नगा. त्यो ल्हान हाय."

विश्वजीत परड्यात जाऊन उभा राहिला. अंकिता मागून आली. तिनं नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला. तो प्याला नाही. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की ऊस कळतो. फोटो असलेल्या आबांतून फोटो नसलेले आबा वजा केले, तर राहतं ते पोरगं, आणि त्यात आपण कुठंच नाही, असं त्याला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसून टाकलं.

संध्याकाळी अंकितानं यंत्राशी झटापट केली. साक्षीनं फोनवरून काय काय युक्त्या सांगितल्या. डबी काढ, हलव, परत घाल, दिव्याकडं बघू नको, छापच म्हण. शेवटी एक फोटो निघाला. अर्ध्या रंगांचा. पोरगं गुलाबी पडलेलं, तोंडावर आडव्या पांढऱ्या रेघा. आबांनी तो हातात घेतला आणि दचकले.

"ह्येला काय झालं? ताप हाय का?"

"व्हय मामंजी, थोडी कणकण हाय," अंकिता म्हणाली. "सकाळपत्तूर बरा हुईल."

आबांनी फोटोच्या कपाळावर हात ठेवला आणि तसेच पडून राहिले.

सकाळी विश्वजीत कारखान्याला जायचे कपडे घालून तयार होता. आधी सांगली, शाई, मग पाळी, असं ठरलेलं. परड्यात बंब धगधगत होता, थंडी मरणाची होती. आबा न्हाणीत गेले आणि पत्र्याचं दार लागलं. गाडीची किल्ली आणायला म्हणून विश्वजीत न्हाणीच्या भिंतीकडेनं निघाला आणि थांबला. आत आबा बोलत होते. कुणाशीतरी, अगदी हळू.

"डोळं मीट बघू. साबण जाईल. हां, शाना हाय माझा विसू."

पाणी सांडल्याचा बारीक आवाज आला, ओंजळभर.

"ताप उतरला न्हवं? ऊन ऊन पाण्यानं बरं वाटंल बघ. पळू नगंस रं. आज पळायचं न्हाई. आरं बा हाय तुझा, बागुलबुवा न्हवं. कान धुवू या. ह्यो कान, आता ह्यो कान."

विश्वजीतचा हात पत्र्यावर होता. साबणाची डबी आठवली. टॉवेल आठवला. अंगाला पाणीच लागत नाही, हे आठवलं. खिशात राहून भिजतोय म्हणे फोटो! देवा रे, एवढे दिवस एका घरात राहून आपल्याला कळलं नाही. बाप रोज पोराला अंघोळ घालत होता. एका रजेत राहून गेलेली अंघोळ.

"आरं," आतून आबांचा आवाज बदलला. "आरं, तोंड... तोंड चाललं ह्येचं. विसू. आरं थांब. थांब रं बाळा, बानं चोळलं म्हणून... न्हाई चोळत, न्हाई चोळत आता..."

विश्वजीतनं दार ढकललं. कडी जुनी होती, निघाली.

आबा दगडावर उकिडवे बसलेले, अंगावर फक्त लंगोट. दोन्ही हातांच्या ओंजळीत कागद आणि बोटांच्या फटींतून गुलाबी पाणी गळत होतं. त्यांनी मान वर केली. एवढं मोठं तोंड, मिशा भिजलेल्या, आणि चेहरा पार उघडा पडलेला.

"सायेब," ते म्हणाले, "म्या काय केलं न्हाई ओ. नुसती अंघूळ घालीत व्हतो."

मीच विसू, असं आता विश्वजीतच्या ओठांवरसुद्धा आलं नाही. तो आत गेला. बुटांनिशी, शर्टपँटनिशी. त्यानं आबांच्या हातातला कागद अलगद काढून कोनाड्यात ठेवला, त्यांना हाताला धरून चौरंगावर बसवलं आणि स्वतः खाली दगडावर बसला. गुडघे पोटाशी घेतले. न्हाणी लहान होती, त्याचे खांदे भिंतीला लागत होते.

"तुमी हितं कशाला?" आबांनी विचारलं.

"माझी अंघूळ ऱ्हायलीया," विश्वजीत म्हणाला.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. भुवया जवळ आल्या. घंगाळ्यातलं पाणी वाफाळत होतं. बाहेर अंकिताची पावलं वाजली आणि दाराशी थांबली. आबांनी तांब्या उचलला, पाण्यात बोट घालून बघितलं, थोडं गार पाणी मिसळलं, परत बोट घातलं.

"डोळं मीट," आबा म्हणाले.

तुमी नाही, सायेब नाही. विश्वजीतनं डोळे मिटले. डोक्यावर ऊन पाणी आलं, मानेवरून शर्टात उतरलं. मग साबण. आबांचे हात खडबडीत होते, पण कपाळावरून असे फिरले की जणू काही फुटेल. भुवया, नाक, गाल. ह्यो कान, आता ह्यो कान. मध्येच हात थांबले. विश्वजीतनं डोळे किलकिले केले. आबा आपले तळवे उजेडात धरून बघत होते. पुढून बघितले, मागून बघितले. साबणाचा पांढरा फेस होता. रंग नव्हता.

त्यांनी परत त्याच्या गालावर अंगठा घासला, जरा जोरात. परत अंगठा बघितला.

"गेलं न्हाई," ते म्हणाले. "तोंड गेलं न्हाई."

"न्हाई जात," विश्वजीत म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. आवरलंच नाही. मोठ्यानं, खांदे हलवून, काट्यावरच्या माणसांनी बघितलं असतं तर तोंडात बोटं घातली असती असा रडला.

"साबण गेला व्हय डोळ्यात?"

"व्हय."

"तरी म्या म्हणत व्हतो." आबांनी ओंजळीनं त्याचे डोळे धुतले. "रडू नगं. झालंच आता. कुणाचा रं तू?"

विश्वजीतनं तोंडावरचं पाणी निपटलं. बापाचा चेहरा एक वीतभर अंतरावर होता आणि त्या डोळ्यांत ओळख शोधायची त्यानं सोडून दिली.

"नाथा हवालदाराचा," तो म्हणाला.

"नाथाचा?" आबांचा चेहरा उजळला. "आरं, मग आदी न्हाई का सांगायचं! नाथाला म्या चांगला वळखतो. एका पलटणीतलं आमी." त्यांनी तांब्या भरून घेतला. मग त्यांचा आवाज खाली आला, दुसऱ्याचं गुपित सांगावं तसा. "तुझ्यावर रुसून गेलेला न्हाई त्यो. तसं मनात आणू नगंस. रजाच मिळंना त्येला. पोरासाठी लय जीव तुटतो बघ त्येचा. ईल त्यो, नक्की ईल. तवर म्या हाय."

मग त्यांनी त्याच्या हनुवटीला हात लावून मान खाली केली आणि मागून पाणी ओतायला सुरुवात केली.